श्वास मोजणारा योगी

प्राणायाम केला की शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, असे आजही सर्रास सांगितले जाते. ही समजूत उपकरणे लावून तपासली ती लोणावळ्यातील एका योग्यानेच.

स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी डभोई येथे झाला. बडोद्यात माणिकरावांकडे त्यांनी व्यायामाचे शिक्षण घेतले, अमळनेरला अध्यापन केले आणि नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योगसाधना केली. गुरूंवर श्रद्धा होती. पण शरीरावरचा परिणाम मोजूनच सांगायचा, हा त्यांचा बाणा होता. उड्डियान आणि नौली करताना शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही.

प्राणायामातील वायूंचे मोजमाप केल्यावर प्रचलित समजूत टिकली नाही. एका दीर्घ श्वासात प्राणवायू जास्त घेतला जातो, पण मिनिटाला श्वासच कमी होतात. त्यामुळे एकूण प्राणवायू वाढत नाही. गैरसोयीचा असूनही हा निष्कर्ष त्यांनी लपवला नाही. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी इतरत्र, विशेषतः मज्जासंस्थेवरील परिणामात शोधले.

श्वासाचे दुसरे काम आहे रक्तातील आम्लता सांभाळण्याचे. राजमाचीचा चढ चढताना स्नायूंत लॅक्टिक आम्ल तयार होते. दह्याला आंबट करणारे हेच कार्बोक्सिलिक आम्ल. व्हिनेगर खाण्याच्या सोड्यावर ओतले की फेस येतो. तीच क्रिया रक्तात शांतपणे घडते. रक्तातील बायकार्बोनेट आम्लाचा जोर मोडते आणि सुटलेला कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे जातो. म्हणूनच धाप लागते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो, तो असा. उलट, विनाकारण जोरजोरात श्वास घेतल्यास हा वायू प्रमाणाबाहेर निघून जातो, सामू वर चढतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. अशा वेळी थांबावे. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांनी जलद श्वसनाचे प्रकार डॉक्टरांना विचारूनच करावेत.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. योगावर त्यांचे प्रेम होते, म्हणूनच त्याच्या नावावर खोटा गुण चिकटवणे त्यांना मान्य नव्हते.