न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे

गावचे देऊळ हे केवळ पूजेअर्चेचे ठिकाण कधीच नव्हते. खेड्यातील तंट्याबखेड्यांचा निवाडाही पूर्वी देवळाच्या सभामंडपात किंवा पारावर होत असे. पाटील प्रथम समजुतीने भांडण मिटवू पाही. ते न साधल्यास पंचायत बसे. पंचांचा निकाल मान्य करू, असा राजीनामा दोन्ही पक्ष लिहून देत. साक्षीदार देवासमोर शपथ घेत. जिंकणाऱ्यास जयपत्र मिळे व त्याजकडून हरकी घेतली जाई, तर हरणाऱ्यास गुन्हेगारी भरावी लागे. तेथे समाधान न झाल्यास मामलेदार, त्यावर सरसुभेदार आणि सर्वांत वर पुण्याचे न्यायाधीश, अशी ही उतरंड होती. 1763 साली फैजपूरजवळच्या सावद्याचा मुलूख निजामाकडून पेशव्यांकडे आला. त्या वेळी पुण्यास न्यायाधीशाच्या आसनावर रामशास्त्री प्रभुणे होते.

रामशास्त्री मूळचे साताऱ्याजवळील क्षेत्र माहुलीचे. कृष्णा व वेण्णा या नद्यांच्या संगमावरील हे गाव देवालयांसाठी प्रसिद्ध आहे. लहानपणीच पितृछत्र हरपले व विद्येची गोडी लागली नाही. साताऱ्यास अनगळ सावकारांच्या घरी ते नोकरीस राहिले. एकदा धन्याच्या पायांवर पाणी घालताना त्यांची नजर मोत्यांच्या दागिन्यांकडे गेली, त्यावरून बोल लागला आणि त्या अपमानाने ते काशीस गेले, अशी आख्यायिका आहे. विशी गाठलेल्या या तरुणाने तेथे बाळंभट्ट पायगुंडे यांच्याजवळ धर्मशास्त्राचे कसून अध्ययन केले. 1751 साली ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून रुजू झाले व 1759 साली मुख्य न्यायाधीश झाले.

थोरले माधवराव पेशवे एके काळी जपध्यानात फार वेळ घालवू लागले होते. राज्यकर्त्याचा पहिला धर्म प्रजेचे पालन हा होय; तो सोडावयाचा असेल तर गादीही सोडावी, असे शास्त्रीबोवांनी त्यांना स्पष्ट सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. माधवरावांनीही राग न मानता तो सल्ला स्वीकारला. न्यायाधीश निर्भीड आणि धनी ऐकून घेणारा, असा योग त्या काळी जुळून आला होता.

परंतु 1772 साली माधवराव निवर्तले आणि खरी कसोटी पुढे आली. 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. गादीवर चुलते रघुनाथराव आले. चौकशी रामशास्त्र्यांनी केली आणि तिचा धागा खुद्द रघुनाथरावांपर्यंत पोचला. फौज, खजिना, शिक्कामोर्तब सारे ज्याच्या हाती, तोच आरोपी! शास्त्रीबोवांच्या हाती केवळ शास्त्र होते. तरीही या पातकाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय त्यांनी रघुनाथरावांना तोंडावर दिला. त्याची अंमलबजावणी करण्याचे बळ त्यांच्यापाशी नव्हते. मात्र अशा राज्यात न्यायासनावर बसणे त्यांनी नाकारले. ते पद सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

निकाल कागदावरच राहिला असे वरवर दिसते; पण तसे झाले नाही. खुनाचा कलंक राज्याच्याच न्यायाधीशाने उघड ठरविल्यामुळे रघुनाथरावांच्या गादीचा नैतिक आधार ढासळला. बारभाईंनी कारभार हाती घेतला. 1774 साली जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालू लागले. 1777 साली रामशास्त्र्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आले आणि 1789 साली देहावसान होईपर्यंत त्यांनी न्यायदान केले. एवढ्या अधिकारात राहूनही त्यांची राहणी अखेरपर्यंत साधी होती.

पुढे 1818 साली पेशवाई गेली, इंग्रजी अदालती आल्या आणि पंचायतीचे न्यायदान मागे पडत गेले. तथापि निःस्पृह निवाड्याला रामशास्त्री बाणा म्हणण्याचा प्रघात मराठीत राहिला. गरिबाच्या बांधाचा तंटा असो वा पेशव्यांच्या वाड्यातील खून, देवासमोर बसून न्याय करणाऱ्याने माणसाचे तोंड पाहावयाचे नसते, हीच त्यांच्या चरित्राची शिकवण होय. देवळाचा जीर्णोद्धार दगड-चुन्याने होतो. सभामंडपातील सत्याचा जीर्णोद्धार मात्र अशा पुरुषांच्या स्मरणानेच होत असतो.