भारतातला पहिला कॉम्प्युटर ज्या संस्थेत आला, तिचे अध्यक्ष होते रोह्याचे सी. डी. देशमुख

सी. डी. देशमुख म्हटलं की रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी राजीनामा देणारे अर्थमंत्री, एवढं बहुतेकांना माहीत असतं. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध फारसा कुणी सांगत नाही.

चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. बालपण रोह्यात गेलं. १९१२ साली मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. पुढे केंब्रिजला शिकले आणि १९१८ मध्ये आयसीएसच्या परीक्षेतही पहिले आले.

१९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं १९४५ मध्ये, आणि ते १९६४ पर्यंत राहिलं. संस्थेचा रोजचा कारभार प्रशांतचंद्र महालनोबिस बघायचे.

१९५० मध्ये देशमुख अर्थमंत्री झाले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिचं संचालनालय अर्थखात्यातच होतं. गावोगावच्या घरांतून माहिती यायला लागली. आता एवढे आकडे मोजायचे कसे?

१९५६ च्या सुमारास संस्थेत एचईसी-टू-एम नावाचं ब्रिटिश यंत्र चालू झालं. भारतातला पहिला डिजिटल कॉम्प्युटर तो हाच. त्याची मेमरी म्हणजे फिरणारा चुंबकीय ड्रम, आणि त्यात जागा फक्त १०२४ शब्दांची!

आज डेटाबेसला क्वेरी टाकली की आलेला रिझल्ट मेमरीत जागा अडवतो. काम झाल्यावर प्रोग्रॅमरने ती जागा मोकळी करायची असते. विसरला, तर सुरुवातीला काही कळत नाही. पण हजारो क्वेरींचे रिझल्ट साचत गेले की सर्व्हर रखडतो. कोलकात्याच्या यंत्रावर विसरायची सोयच नव्हती. सूचना आणि आकडे दोन्ही त्याच १०२४ जागांत बसवायचे, उत्तर बाहेर काढायचं आणि तीच जागा पुढच्या गणिताला द्यायची. पंच कार्डं होती म्हणून बरं, नाहीतर उरलेला डेटा ठेवायचा तरी कुठे?

देशमुखांसाठी मात्र १९५६ हे वर्ष वेगळ्याच कारणाने गाजलं. १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले होते कुलाब्यातून, म्हणजे पेण-रोहा ज्या जिल्ह्यात येतात त्या आताच्या रायगडमधून. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करायची घोषणा झाली आणि त्यांनी राजीनामा दिला. तो जुलैमध्ये मंजूर झाला. मतदारसंघातल्या माणसांना तोंड दाखवायचं होतं, हे खरंच. पण भर सत्तेत असताना अर्थखातं सोडायला वेगळी छाती लागते.

मग विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरूपद अशी कामं आली. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचं अध्यक्षपद मात्र मंत्रिपद गेल्यावरही आठ वर्षं त्यांच्याकडेच होतं. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचं निधन झालं. रोह्यात आज त्यांच्या नावाचं कॉलेज आहे.