पाच सांध्यांचं कोडं

रेल्वेवेडे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती सुसाट एक्स्प्रेस. पण अमेरिकेत असा एक अवलिया होऊन गेला, ज्याने बिचाऱ्या लोकल मालगाडीला चक्क हिरो केलं. त्याचं नाव जॉन ॲलन.

लोकल मालगाडीचं काम काय? छोट्या छोट्या गावांत थांबायचं, कारखान्याच्या सायडिंगला रिकामी वॅगन लावायची, भरलेली काढायची आणि पुढे निघायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? पण हवी ती वॅगन नेमकी दुसऱ्या दोघींच्या मागे अडकलेली असते, सायडिंग आखूड असतं आणि इंजिन भलत्याच टोकाला! मग पुढे-मागे, पुढे-मागे. आपण याला शंटिंग म्हणतो, अमेरिकन लोक स्विचिंग.

ॲलनचा जन्म १९१३ सालचा, मिसूरी राज्यातल्या जॉपलिनचा. पेशाने तो फोटोग्राफर. पुढे कॅलिफोर्नियात माँटेरे इथल्या घरी त्याने १:८७ प्रमाणात एक अख्खी रेल्वे उभारली. नाव असं ठेवलं, की मोठ्याने वाचलं तर इंग्रजीत 'रक्तबंबाळ आणि पराभूत' असं ऐकू यावं! जमिनीपासून छतापर्यंत डोंगर, जागा मोठी भासावी म्हणून आरसे, आणि मुद्दाम कळकट रंगवलेले डबे. वॅगन ढकलायला इंजिनाऐवजी एमा नावाची डायनासोरसुद्धा होती! गाड्या मात्र तिथे नुसत्या गोल गोल फिरत नसत. मित्र जमायचे आणि खऱ्या रेल्वेसारखा माल पोहोचवायचे.

याच ॲलनने एक कोडं तयार केलं, टाइमसेव्हर. एक फळी, पाच सांधे, मोजूनमापून आखूड ठेवलेली सायडिंग्ज, एक इंजिन आणि थोड्या वॅगन्स. कमीत कमी वेळात प्रत्येक वॅगन आपापल्या जागी लावा, बस्स! इथे भलेभले घामाघूम होतात.

डेटा स्ट्रक्चर्समध्ये आपण जो स्टॅक घोकतो ना, तो म्हणजे एका बाजूने बंद असलेलं सायडिंगच. शेवटी आत गेलेली वॅगन सगळ्यात आधी बाहेर! डायक्स्ट्राच्या १९६१ च्या अल्गोरिदमचं नावही 'शंटिंग यार्ड'च आहे.

नोव्हेंबर १९७२ मध्ये टाइमसेव्हर 'मॉडेल रेलरोडर' मासिकात छापून आलं. दोनच महिन्यांनी, जानेवारी १९७३ मध्ये, ॲलन हार्ट अटॅकने गेला. आणि त्यानंतर काही दिवसांतच घराला आग लागून ती रेल्वे जळाली. पंचवीसेक वर्षांची मेहनत खाक झाली.

राहिले त्याने काढलेले फोटो, आणि ते कोडं. डोंगर गेले ते गेलेच. पण पाच सांध्यांची फळी आजही जगभरातले रेल्वेवेडे घरी बनवतात आणि घड्याळ लावून खेळतात. जे कागदावर नीट उतरवलं आणि चारचौघांना दिलं, ते आगीतूनही वाचलं. आपण इंजिनिअर होणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ, नाही का?