हर्मन कॅलनबॅक

हर्मन कॅलनबॅक (जन्म : १ मार्च १८७१, मृत्यू : २५ मार्च १९४५, जोहान्सबर्ग) हे दक्षिण आफ्रिकेतील ज्यू वास्तुरचनाकार, टॉलस्टॉय फार्मची जमीन देणारे दाते, सत्याग्रही आणि महात्मा गांधींचे निकटचे मित्र होते. नावाचा जर्मन उच्चार कालेनबाख असा असला, तरी गांधींच्या आत्मकथेमुळे मराठी वाचकांना कॅलनबॅक हेच रूप परिचयाचे आहे. १९१४ मध्ये दुरावलेल्या या मित्रांची भेट २३ वर्षांनी १९३७ मध्ये झाली. त्यानंतर कॅलनबॅक वर्धा जिल्ह्यातील सेगाव (नंतरचे सेवाग्राम) येथे गांधींच्या सहवासात राहिले. गांधींनी त्यांना लिहिलेल्या पत्रांमुळे या मैत्रीच्या स्वरूपाविषयी एकविसाव्या शतकात मोठा वाद झाला.

बालपण आणि शिक्षण

कॅलनबॅक यांचा जन्म तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील आणि आताच्या लिथुआनियातील नॉयस्टाड्ट या गावी झाला. सात भावंडांत ते तिसरे. वडील आधी हिब्रूचे शिक्षक होते, पुढे ते लाकडाच्या व्यापारात पडले. नेमुनास नदीच्या मुखाजवळील रुस्ने या गावात हर्मन यांचे बालपण गेले. त्यांनी स्टुटगार्ट आणि म्युनिक येथे वास्तुरचनेचे शिक्षण घेतले. बर्फावर घसरणे, पोहणे, सायकल चालवणे आणि व्यायामशाळेतील कसरती यांत ते तरबेज होते. त्या काळी युरोपभर गाजलेला शरीरसौष्ठवपटू युजेन सँडो याच्या पद्धतीचे शिक्षणही त्यांनी घेतले होते. उंच आणि भरदार बांध्याचे कॅलनबॅक आणि त्यांच्या शेजारी किरकोळ शरीरयष्टीचे गांधी हे दृश्य त्या काळच्या छायाचित्रांतून आजही लक्ष वेधून घेते.

जोहान्सबर्ग

१८९६ मध्ये ते मामांच्या बोलावण्यावरून दक्षिण आफ्रिकेत गेले. जोहान्सबर्ग हे सोन्याच्या शोधानंतर १८८६ मध्ये वसलेले, अवघ्या दहा वर्षांचे शहर होते. खाणी, बांधकामे आणि जमिनींचे सौदे यांवर ते वाढत होते आणि वस्तीत पुरुषांची संख्या बरीच जास्त होती. तेथील बांधकामाच्या व्यवसायात अंगमेहनतीला, धाडसाला आणि पैशाला मान होता. त्यात कॅलनबॅक यांनी लवकरच जम बसवला आणि भरपूर पैसा मिळवला. ते अविवाहित होते व अखेरपर्यंत तसेच राहिले.

गांधींशी त्यांची ओळख १९०४ च्या सुमारास खान नावाच्या वकील मित्रामार्फत झाली. बुद्धाच्या वैराग्यावर बोलणारा हा धनिक वास्तुरचनाकार स्वतः किती ऐषआरामात राहतो, हे पाहून आपण चकित झालो, असे गांधींनी आत्मकथेत नमूद केले आहे. घरभाडे सोडून महिना १,२०० रुपये स्वतःवर खर्च करणारे कॅलनबॅक पुढे १२० रुपयांत भागवू लागले, हा हिशेबही तिथलाच. या साधेपणाचे श्रेय एकट्या गांधींना देण्याची प्रथा आहे; परंतु साधे जीवन आणि मांसाहारत्याग यांची ओढ कॅलनबॅक यांना मुळातच होती.

१९०७ मध्ये कॅलनबॅक यांनी ऑर्चर्ड्स या उपनगरात स्वतःसाठी घर बांधले. आफ्रिकी झोपड्यांच्या गोल आकारावर बेतलेल्या या घराला क्राल असे नाव होते. १९०८-०९ मध्ये गांधी त्यांच्यासोबत तेथे राहिले. ही वास्तू आता सत्याग्रह हाउस या नावाने संग्रहालय म्हणून जतन केली आहे.

टॉलस्टॉय फार्म

सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांचा निर्वाह कसा चालवावा, हा प्रश्न १९१० मध्ये बिकट झाला. तेव्हा कॅलनबॅक यांनी जोहान्सबर्गपासून सुमारे २१ मैलांवर लॉली स्थानकाजवळ १,१०० एकर जमीन विकत घेतली आणि ती कोणतेही भाडे न घेता सत्याग्रहींच्या वापरासाठी दिली. तेथे जवळपास हजार फळझाडे होती. टॉलस्टॉय फार्म हे नाव कॅलनबॅक यांनीच सुचवले. घरे बांधण्याचे काम स्वाभाविकपणे त्यांच्याकडे आले. श्रीमंतांचे बंगले उभारणारा हा माणूस येथे सुतार व गवंड्यांच्या बरोबरीने राबला. मारियानहिल येथील ट्रॅपिस्ट मठात जाऊन ते चपला करायला शिकले आणि ती कला त्यांनी गांधींना शिकवली. गांधींनी जनरल स्मट्स यांना भेट दिलेल्या प्रसिद्ध चपलांमागे हा धडा आहे.

शेतावर साप निघत. त्यांची भीती जावी म्हणून कॅलनबॅक यांनी सापांविषयीचे ग्रंथ वाचले, जाती ओळखायला इतरांना शिकवले आणि एक नागही पाळला. १९१२ मध्ये दोघांनी मिळून दूध सोडले व त्यानंतर काही काळ केवळ फलाहारावर राहण्याचा प्रयोग केला.

नोव्हेंबर १९१३ मध्ये नाताळमधील खाणकामगारांचा मोर्चा ट्रान्सवालमध्ये शिरला. त्या लढ्यात गांधी आणि हेन्री पोलाक यांच्याबरोबर कॅलनबॅक यांनाही अटक होऊन शिक्षा झाली. गोऱ्या समाजातील एका प्रतिष्ठित व्यावसायिकाने हिंदी मजुरांसाठी तुरुंगात जावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

ताटातूट

१८ जुलै १९१४ रोजी गांधी, कस्तुरबा आणि कॅलनबॅक तिसऱ्या वर्गाने इंग्लंडला निघाले. तेथून तिघांनी हिंदुस्थानात यायचे होते. कॅलनबॅक यांना महागड्या दुर्बिणींचा शौक होता आणि साधेपणाच्या व्रतात ती चैन बसते का, यावर जहाजात रोज वाद होई. अखेर कॅलनबॅक यांच्याच संमतीने गांधींनी सात पौंड किमतीची दुर्बीण समुद्रात टाकून दिली.

इंग्लंडचा किनारा गाठण्यापूर्वीच पहिले महायुद्ध सुरू झाले होते. जर्मन नागरिक असल्यामुळे कॅलनबॅक यांना हिंदुस्थानात येण्याची परवानगी मिळाली नाही. गांधींनी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्यापर्यंत खटपट केली, ती व्यर्थ गेली. जानेवारी १९१५ मध्ये गांधी मुंबईस उतरले. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून कॅलनबॅक यांना पुढे आइल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध करण्यात आले. १९१७ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते जर्मनीत गेले आणि १९२० मध्ये जोहान्सबर्गला परतले. तेथे त्यांनी व्यवसाय पुन्हा उभा केला आणि जमिनीच्या व्यवहारांत पूर्वीपेक्षा अधिक संपत्ती मिळवली. गांधींची बोलावणी येत राहिली. पण जाणे लांबतच गेले.

सेगाव

१९३० च्या दशकात जर्मनीतील ज्यूंच्या छळामुळे कॅलनबॅक झायोनवादी चळवळीकडे ओढले गेले. पॅलेस्टाइनमधील ज्यू वसाहतीला गांधींची सहानुभूती मिळवावी, या हेतूने ज्यू एजन्सीचे मोशे शेर्टोक (पुढे इस्रायलचे पंतप्रधान मोशे शारेट) यांनी त्यांना हिंदुस्थानात जाण्याची विनंती केली. मे १९३७ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यावरील तिथल येथे दोघे मित्र भेटले. नंतर कॅलनबॅक गांधींबरोबर वर्ध्यास आले.

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरील सेगाव हे तेव्हा रस्ता, डाकघर यांपैकी काहीही धड नसलेले खेडे होते. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्ध्यात आलेले गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी या गावात राहण्यास आले होते. माती, बांबू आणि कौले यांची दोन-चार घरे उभी राहिली होती. एकाच घरात यजमान, पाहुणे आणि आजारी माणसे दाटीने राहत. उन्हाळ्यात विदर्भाचा जाळ आणि पावसाळ्यात चिखल व हिवताप असे हवामान होते. खुद्द गांधी १९३६ च्या सप्टेंबरात हिवतापाने आजारी पडले होते. सहासष्ट वर्षांच्या कॅलनबॅक यांना हे जीवन परके वाटण्याचे कारण नव्हते. सामुदायिक स्वयंपाक, शरीरश्रम, पहाटेची प्रार्थना हा सारा क्रम त्यांच्याच जमिनीवर २७ वर्षांपूर्वी सुरू झाला होता. सेवाग्रामच्या पूर्वपीठिकेत साबरमतीचा उल्लेख नेहमी होतो, त्यामानाने टॉलस्टॉय फार्मचा कमी होतो.

जुलै १९३७ मध्ये गांधींनी झायोनवादाविषयीचे एक निवेदन कॅलनबॅक यांच्या हाती दिले. ते प्रसिद्धीसाठी नव्हते. ज्यूंच्या आकांक्षेविषयी त्यात सहानुभूती होती, परंतु ब्रिटिश शस्त्रबळाचा आधार सोडून अरबांच्या सद्भावनेवर विसंबावे, असा आग्रह होता. पुढच्या वर्षी २० नोव्हेंबर १९३८ रोजी सेगाव येथूनच गांधींनी ज्यूंच्या प्रश्नावरील लेख लिहिला व तो हरिजनमध्ये प्रसिद्ध झाला. पॅलेस्टाइन अरबांचे आहे आणि जर्मनीतील ज्यूंनी अहिंसक प्रतिकार करावा, ही त्यातील भूमिका पाहून ज्यू जगतात तीव्र नाराजी उमटली. मार्टिन बुबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये गांधींना सविस्तर उत्तर लिहिले. ज्या मित्राला मन वळवण्यासाठी पाठवले होते, त्याच्या वाट्याला या लेखाने काय आले असेल, याची कल्पना करता येते.

तरीही १९३९ च्या आरंभी कॅलनबॅक पुन्हा गांधींजवळ आले. अहिंसा आपल्या बुद्धीला पटते, पण हिटलरसाठी प्रार्थना करणे आपल्याला शक्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गांधींनी नाव न घेता हरिजनमध्ये त्याची नोंद केली आणि त्या संतापाबद्दल मित्राशी भांडण नसल्याचेही लिहिले. या मुक्कामात कॅलनबॅक यांना हिवताप झाला. त्यानंतर दोघांची भेट झाली नाही. १९४० मध्ये शेगावशी होणारा टपालाचा घोटाळा टाळण्यासाठी सेगावचे नाव सेवाग्राम करण्यात आले.

मृत्यू

२५ मार्च १९४५ रोजी जोहान्सबर्ग येथे कॅलनबॅक यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पुढे इस्रायलमधील देगानिया या किब्बुत्झमध्ये नेऊन पुरण्यात आल्या.

पत्रे

या दोघांनी एकमेकांना अप्पर हाउस आणि लोअर हाउस अशी टोपणनावे ठेवली होती. ब्रिटिश संसदेच्या दोन सभागृहांवरील हा विनोद होता: पैशाची तरतूद करणारे कनिष्ठ सभागृह म्हणजे कॅलनबॅक आणि ती अडवणारे वरिष्ठ सभागृह म्हणजे गांधी. २९ जुलै १९११ रोजी कॅलनबॅक युरोपला कुटुंबीयांच्या भेटीस निघाले, तेव्हा गांधींनी कायदेशीर दस्तऐवजाच्या थाटात एक करारनामा लिहिला. प्रवासात गरीब शेतकऱ्याला शोभेल इतकाच खर्च करावा, तिसऱ्या वर्गाने जावे, विवाह करू नये व कोणत्याही स्त्रीकडे वासनेने पाहू नये, अशा अटी त्यात होत्या. या साऱ्याच्या बदल्यात जगाने पाहिले नसेल असे वाढते प्रेम दोघांमध्ये राहावे, अशी त्यात इच्छा होती. १९०९ मध्ये लंडनहून लिहिलेल्या एका पत्रात बिछान्यासमोर कॅलनबॅक यांचेच छायाचित्र ठेवल्याचा आणि कापूस व व्हॅसलिन पाहून सतत त्यांची आठवण होत असल्याचा उल्लेख आहे.

कॅलनबॅक यांनी गांधींची पत्रे जन्मभर जपली. गांधींनी मात्र त्यांची पत्रे नष्ट केली. ती दुसऱ्या कोणी पाहू नयेत, अशी मित्राची इच्छा आहे असे त्यांना वाटत होते. त्यामुळे हा पत्रव्यवहार बव्हंशी एकाच बाजूने उपलब्ध आहे आणि कॅलनबॅक यांच्या मनातील गोष्ट त्यांच्याच शब्दांत वाचता येत नाही.

२०११ मध्ये जोसेफ लेलिवेल्ड यांच्या ग्रेट सोल या गांधीचरित्रात या पत्रांची चर्चा झाली. एका परीक्षणातून आणि त्यावर बेतलेल्या बातम्यांतून गांधी समलिंगी किंवा उभयलिंगी असल्याचा अर्थ पसरला. आपण तसे म्हटलेले नाही, असा खुलासा लेलिवेल्ड यांनी केला. गुजरात सरकारने पुस्तक न वाचताच त्यावर बंदी घातली. महाराष्ट्रातही बंदीची मागणी झाली. केंद्र सरकारने ती घातली नाही. या गदारोळात समलिंगी म्हणणे हाच अपमान, असे अनेकांनी गृहीत धरले होते. प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय ६ सप्टेंबर २०१८ रोजी आला.

अभ्यासकांत एकमत नाही. दोघांत शारीरिक संबंध असल्याचा पुरावा नाही. गांधींनी १९०६ मध्ये ब्रह्मचर्याचे व्रत घेतले होते आणि कॅलनबॅक यांनीही तोच मार्ग धरला होता. कापूस व व्हॅसलिन यांचा संबंध वैद्यकीय उपचारांशी असावा, असेही मानले जाते. दुसरीकडे, पत्रांतील भाषा, विवाहबंदीची अट आणि एकत्र संसार केल्यासारखे राहणे पाहता नुसती मैत्री हा शब्द अपुरा पडतो, असे काहींचे मत आहे. त्या काळच्या ब्रिटिश कायद्यात पुरुषांमधील समलिंगी संबंध हा तुरुंगवासाचा गुन्हा होता आणि १८९५ मधील ऑस्कर वाइल्डचा खटला सर्वांच्या स्मरणात होता. ब्रह्मचर्याने या प्रेमाला वाट दिली की त्यावर पडदा टाकला, हे उपलब्ध पत्रांवरून ठरवता येत नाही.

जुलै २०१२ मध्ये लंडन येथील सोदबीज या संस्थेच्या लिलावापूर्वीच भारत सरकारने गांधी-कॅलनबॅक संग्रह सुमारे सात लाख पौंडांना विकत घेतला. तो दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून ३० जानेवारी २०१३ रोजी त्यातील काही कागदपत्रे प्रदर्शनात मांडण्यात आली.

चित्रपट आणि स्मारके

रिचर्ड ॲटनबरो यांच्या गांधी (१९८२) या चित्रपटात गुंथर मारिया हाल्मर यांनी कॅलनबॅक यांची भूमिका केली. ती सहकाऱ्याची छोटी भूमिका आहे. दोघांच्या एकत्र राहण्याला वा पत्रांना तिच्यात स्थान नाही. श्याम बेनेगल यांचा द मेकिंग ऑफ द महात्मा (१९९६) हा चित्रपट गांधींच्या आफ्रिकेतील काळावरच असला, तरी त्याच्या केंद्रस्थानी गांधी आणि कस्तुरबा यांचे सहजीवन आहे.

लिथुआनियातील रुस्ने येथे २ ऑक्टोबर २०१५ रोजी गांधी आणि कॅलनबॅक यांच्या एकत्रित पुतळ्याचे अनावरण झाले.