जेरल्ड ऑंजिअर : पाया घालणारा मनुष्य

कळंबचे पुष्कळ लोक नालासोपाऱ्याहून आगगाडीने चर्चगेटास जातात; परंतु त्या नावातील चर्च कोणते, हे थोड्यांसच ठाऊक असते. मुंबईच्या जुन्या कोटाचा जो दरवाजा सेंट थॉमस मंदिराजवळ होता, त्याचे ते नाव होय. कोटाचे तट १८६० नंतर पाडले गेले. मंदिर मात्र उभे आहे. ज्या पुरुषाने ते आरंभिले, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

जेरल्ड ऑंजिअर हे १६६९ साली इंग्रज कंपनीचे सुरतेचे प्रेसिडेंट व मुंबईचे गव्हर्नर झाले. त्या वेळी आपली वसई पोर्तुगीज अमलाखाली होती आणि मुंबई हे दलदलीचे, रोगट बेट होते. ऑंजिअर यांनी तेथे १६७२ साली न्यायकचेरी स्थापिली, निरनिराळ्या जातींच्या व्यापाऱ्यांस बोलावून आपापल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली, आणि १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकास रायगडी वकील धाडिला.

मुंबईत इंग्रजांस उपासनामंदिर नव्हते. किल्ल्यातील एका खोलीत प्रार्थना होत. ऑंजिअर यांनी १६७५ साली प्रभुभोजनाकरिता चांदीचा प्याला अर्पण केला, आणि १६७६ च्या सुमारास मंदिराचे काम आरंभिले. परंतु ३० जून १६७७ रोजी सुरतेस त्यांना मृत्यू आला. भिंती सुमारे १५ फूट चढल्या आणि तेथेच थांबल्या. पुढे बंड झाले, १६८९ साली सिद्दीने मुंबईवर स्वारी केली, आणि सुमारे ४० वर्षे त्या उघड्या भिंतींवर पाऊस पडत राहिला.

१७१४ साली कंपनीचे पाळक रिचर्ड कॉब मुंबईस आले. ती अवस्था पाहून त्यांना दुःख झाले. १७१५ साली त्यांनी उपदेश करून वर्गणीस प्रारंभ केला. गव्हर्नर चार्ल्स बून यांनी हात दिला. आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी मंदिर उघडले. जाड भिंतींच्या त्या इमारतीस १८३७ साली कॅथीड्रलचा मान मिळाला, व १८३८ साली पश्चिमेस घड्याळाचा उंच मनोरा चढला. वेदीकडील भाग त्याच शतकात पुढे नव्याने बांधण्यात आला.

वाचकहो, ऑंजिअर यांनी त्या मंदिरात एकदाही गुडघे टेकिले नाहीत. तथापि त्यांचा पाया वाया गेला नाही. जरुब्बाबेलाच्या काळीही मंदिराचे काम वर्षानुवर्षे थांबले होते, आणि देवाने ते पुन्हा चालविले. आपल्या खेड्यांतही कोठे मंदिराच्या भिंती अर्ध्याच राहिल्या असतील. कोठे उपदेशकाने वर्ग आरंभून फळ पाहण्यापूर्वी गाव सोडिले असेल. अशा ठिकाणी आरंभ करणाऱ्यास हसू नये, आणि आपणही स्वस्थ बसू नये. घरातील मूठभर तांदूळ दर आठवड्यास बाजूला ठेविले, तरी एक एक दगड चढत जातो.