प्लास्टर कापणारी करवत पाय का कापत नाही? हे डोकं लावणारे डॉ. होमर स्ट्रायकर कोण होते?

प्रत्येक वर्गात हात मोडलेलं एक तरी पोरगं असतंच. झाडावरून पडलेलं, सायकलवरून पडलेलं, नाहीतर कॅच घेताना आपटलेलं. मग दीड महिना हात गळ्यात, प्लास्टरवर मित्रांच्या सह्या आणि आत खाज सुटली की पट्टी घालून खाजवायचा कार्यक्रम.

खरी परीक्षा असते ती प्लास्टर काढायच्या दिवशी.

एक माणूस हातात मशीन घेऊन येतो. पुढे गोल, दातेरी पातं. बटण दाबलं की घर्रर्र असा आवाज. आता हे पातं थेट हातावर चालणार म्हटल्यावर पोरगं रडून दवाखाना डोक्यावर घेतं. सोबत आलेल्या आईचाही जीव वर-खाली होत असतो.

पाच मिनिटांत प्लास्टरचे दोन तुकडे होतात. हात सुकलेला, कातडी निघालेली, पण कापलेलं काहीच नाही.

असं कसं?

हीच मशीन कुणी जुन्या बाजारात सुतारासमोर ठेवली तर तो पहिल्या नजरेत ग्राइंडर म्हणेल. लाकूड कापायला घेतलं तर मात्र वैतागेल. कारण याचं पातं गोल असलं तरी गोल फिरतच नाही. ते जागच्या जागी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं थरथरतं. मिनिटाला हजारो वेळा.

ही थरथरणारी करवत बनवण्याचं श्रेय जातं अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या एका हाडांच्या डॉक्टरला. नाव, होमर स्ट्रायकर.

आधी मास्तर, मग सैनिक, मग डॉक्टर

होमर यांचा जन्म 1894 चा. मिशिगनमधल्या कलामाझू जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात ते वाढले. पुढे कलामाझू शहरात शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात शिकून 1916 साली ते मास्तर म्हणून बाहेर पडले आणि राज्याच्या उत्तर टोकाला शिकवायला गेले. बेसबॉलही उत्तम खेळायचे.

तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं. होमर सैन्यात भरती होऊन फ्रान्सला गेले. परत आल्यावर मात्र त्यांनी पुन्हा शाळेत जाण्याऐवजी मिशिगन विद्यापीठात मेडिकलला प्रवेश घेतला. 1925 साली ते डॉक्टर झाले, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. 1928 च्या सुमारास कलामाझूमध्ये त्यांनी दवाखाना टाकला.

इथवर गोष्ट कुठल्याही गावच्या डॉक्टरची असते तशीच आहे. पण चाळिशी ओलांडल्यावर, चालू प्रॅक्टिस बाजूला ठेवून, होमर पुन्हा विद्यार्थी झाले. आता त्यांना हाडांचं शास्त्र शिकायचं होतं. 1939 मध्ये ते शिक्षण पूर्ण करून ते कलामाझूला परतले.

दवाखान्याच्या तळघरातला कारखाना

त्या काळी मोडलेलं हाड म्हणजे महिनोन् महिने अंथरूण. पेशंटला आपलं हाड जुळल्याचं समाधान मिळायचं, पण त्या वाटेवर त्याचे हाल व्हायचे. बाकीचे डॉक्टर याला उपचाराचाच भाग समजायचे. होमर यांना मात्र या हालांचाच विचार पडायचा.

पायाला प्लास्टर असलेला माणूस नीट चालू शकत नाही, म्हणून त्यांनी प्लास्टरच्या तळाला लावायची रबरी टाच तयार केली.

मग प्रश्न आला मणक्याला मार लागलेल्या पेशंटचा. अशा माणसाला कूस बदलता येत नाही. एकाच अंगावर पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, त्या चिघळतात आणि कधी कधी त्याच जखमा जिवावर बेततात. बरं, त्याला उलटं करायचं तर चार माणसं लागणार आणि मणका जरा हलला तरी धोका.

होमर यांनी यावर वेगळाच पलंग काढला. पेशंट खालच्या चौकटीवर झोपलेला असायचा. कूस बदलायची वेळ आली की त्याच्या अंगावर दुसरी चौकट बसवायची, पट्ट्या आवळायच्या आणि सँडविचसारखं सगळंच्या सगळं एकदम फिरवायचं. माणूस पालथा झाला, पण मणका जागचा हलला नाही.

कलामाझूतल्या बोर्गेस हॉस्पिटलच्या तळघरात त्यांची कार्यशाळा होती. वर पेशंट तपासायचे, खाली येऊन हत्यारं जुळवायची. इतर डॉक्टरांकडून मागणी यायला लागली, तशी 1941 मध्ये त्यांनी ऑर्थोपेडिक फ्रेम कंपनी काढली. नावातच तो पलंग होता.

आणि मग आली करवत

प्लास्टरची पट्टी 1850 च्या दशकात अँटोनियस मॅथायसन या डच लष्करी डॉक्टरने लोकप्रिय केली. पट्टी भिजवायची, गुंडाळायची, सुकली की दगड. हाड धरून ठेवायला यासारखं दुसरं काही नव्हतं.

अडचण होती ती काढण्याची. त्यासाठी मोठाल्या कात्र्या होत्या, सुऱ्या होत्या, हातकरवती होत्या. डॉक्टर घामाघूम व्हायचा, पेशंट कळवळायचा. जुळलेल्या हाडाला हिसके बसायचे. हात घसरला तर कातडी फाटायची. विजेवर गरगर फिरणारी करवत लावावी, तर प्लास्टर संपून पाय कुठे सुरू होतो हे तिला कसं कळणार?

होमर यांनी प्रश्न उलटा केला. करवतीला थांबायला शिकवण्यापेक्षा, कडक वस्तू कापेल आणि मऊ वस्तू सोडेल अशी हालचालच तिला का देऊ नये?

त्यांचं डोकं समजून घ्यायला एक छोटा प्रयोग करून बघा. बोट टेबलावर टेकवा आणि थोडंसं डावीकडे-उजवीकडे हलवा. बोट टेबलावर घासतं. आता तेच बोट दुसऱ्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवून तेवढंच हलवा. बोट घासत नाही, कातडीच बोटासोबत हलते.

बास, करवतीचं गुपित एवढंच आहे.

प्लास्टर कडक असतं, त्याला हलता येत नाही, म्हणून दाते त्याला कुरतडतात. खालचा कापूस आणि कातडी मऊ असते. पात्याची हालचाल इतकी छोटी असते की कातडी पात्यासोबतच मागेपुढे होते, त्यामुळे दात्यांना कापायला संधीच मिळत नाही. गोल फिरणारं पातं कातडीला ओढत पुढे नेतं आणि फाडतं. थरथरणारं पातं नेतं आणि लगेच परत आणून सोडतं.

1947 मध्ये होमर यांना या हत्याराचं पेटंट मिळालं. प्लास्टर काढण्याची पद्धतच त्यानंतर बदलली.

मग ही करवत शंभर टक्के सुरक्षित आहे का?

नाही. आणि हे कळणं महत्त्वाचं आहे, कारण कातडी कापत नाही म्हणून काही जण व्हिडिओसाठी चालू पातं अंगावर टेकवून दाखवतात.

घासून घासून पातं तापतं आणि तापलेल्या पात्याने चटका बसतो. घोट्यासारख्या ठिकाणी कातडी हाडावर ताणलेली असते, तिला हलायला जागा नसते, तिथे जखम होऊ शकते. वय झालेल्यांची कातडी पातळ असते. आत कापूस कमी असेल तरी धोका वाढतो. पातं प्लास्टरवरून ओढत नेलं तर कातडीही कापली जाते.

म्हणून जाणकार माणूस पातं खाली दाबतो, प्लास्टर सुटल्याचं हाताला जाणवलं की उचलतो आणि थोडं पुढे ठेवतो. दाब, उचल, दाब, उचल. मध्ये थांबून पातं गरम झालंय का हे बघतो. गरम लागलं की लगेच सांगायचं, हे पोराला आधीच सांगून ठेवलेलं बरं. भीती वाटते म्हणून रडतोय असं समजून दुर्लक्ष केलं, तर खरा चटका त्या रडण्यातच लपून जातो.

कंपनी वाढली, पण घरावर आघात झाला

होमर यांनी 1958 मध्ये विजेवर गोल फिरणारा मोठा पलंग आणला. 1964 मध्ये कंपनीचं नाव बदलून स्ट्रायकर झालं. कारभार मुलगा ली याच्या हातात गेला होता. पण 1976 मध्ये विमान अपघातात ली यांचा मृत्यू झाला. ऐंशी ओलांडलेल्या बापाने तेही पाहिलं. पुढच्या वर्षी जॉन ब्राऊन यांच्याकडे कंपनीची सूत्रं गेली, 1979 मध्ये ती शेअर बाजारात आली आणि 1980 साली, वयाच्या 85 व्या वर्षी होमर गेले.

तळघरात सुरू झालेल्या त्या कंपनीची वर्षाची विक्री आज 20 अब्ज डॉलर्सच्या वर आहे. पुण्या-मुंबईत गुडघेबदलाच्या रोबोटिक शस्त्रक्रियेच्या जाहिरातींमध्ये माको हे नाव दिसतं, तो रोबोटही स्ट्रायकरचाच. कलामाझूमधलं मेडिकल कॉलेज होमर यांच्या नावाने चालतं.

करवतीचा वंशही वाढला. गुडघेबदलात हाड कापणारी करवत अशीच थरथरते, फक्त तिचं पातं वेगळं असतं. पोस्टमॉर्टेममध्ये कवटी उघडायला हेच तत्त्व वापरतात आणि त्या करवतीला कित्येक ठिकाणी स्ट्रायकर सॉ असंच म्हणतात. जर्मनीच्या फाइन कंपनीने 1967 मध्ये प्लास्टरसाठी अशी करवत बनवली होती. त्यातूनच पुढे सुतारांच्या हातात दिसणारं थरथरणाऱ्या पात्याचं मल्टिटूल आलं.

म्हणजे दवाखान्यातली मशीन ग्राइंडरसारखी दिसते म्हणून घाबरणारं पोरगं अगदीच चुकत नाही. ही दोन्ही हत्यारं खरंच भावकीतली आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी घरातल्या कुणाचं प्लास्टर काढायचं असेल, तर मशीन सुरू व्हायच्या आधी पोराला तो टेबलावरच्या बोटाचा प्रयोग करून दाखवा. आवाज तेवढाच येईल, पण भीती थोडी कमी होईल.