सही नसलेला माणूस

माणूस हयात असेपर्यंत सरकारने त्याचे नाव लपवून ठेवावे आणि तो गेल्यावर दोन दिवसांनी ते फोटोसह वर्तमानपत्रात छापावे, याला भाग्य म्हणायचे की दुर्दैव? सोव्हिएत रशियाच्या सर्गेई कोरोल्योव यांच्या वाट्याला १९६६ च्या जानेवारीत हे आले. तोवर जगाला फक्त एक हुद्दा ठाऊक होता : मुख्य रचनाकार.

युक्रेनमधल्या झितोमिर गावी १९०७ मध्ये त्यांचा जन्म झाला. आईवडील विभक्त झाल्याने ते आजोळी वाढले. विमानांचे वेड पुढे रॉकेटकडे वळले. १९३८ मध्ये, मुलगी अवघी तीन वर्षांची असताना, खोट्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. मारहाण झाली. कोलिमाच्या गोठलेल्या मुलखात सोन्याच्या खाणीवर धाडले गेले. तिथे स्कर्व्हीने दात गेले. पुढे कैदी म्हणूनच त्यांच्याकडून विमानांची कामे करून घेतली गेली. सुटका झाली ती १९४४ मध्ये.

ज्या राजवटीने हे केले, तिच्यासाठीच त्यांनी जीव ओतून काम केले. १९५७ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला त्यांचा स्पुटनिक आकाशात गेला. १९६१ मध्ये गागारिन गेले. गागारिनच्या मिरवणुका निघाल्या. कोरोल्योव पडद्याआडच राहिले.

मी उमेदीची वर्षे बँकेत काढली. तिथे सहीशिवाय कागद हलत नाही. म्हणूनच इतक्या मोठ्या कामाखाली सही नसावी, हे मला फार लागते.

१९६० नंतर त्यांच्या कचेरीत सोयुझ यानाचा आराखडा आकार घेऊ लागला. चंद्राला फेरी मारायची, तर वाटेत अवकाशातच इंधन भरून घ्यावे, त्यासाठी टाकीवाले वेगळे यान असावे, असा त्यात विचार होता. तो बेत तसा पार पडला नाही. १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेच्या वेळी कोरोल्योव गेले. मारहाणीत मोडलेल्या जबड्यामुळे श्वासनळीत नळी घालणे अवघड झाले, असे सांगतात.

विचार मात्र उरला. १९७१ मध्ये सॅल्यूत हे जगातले पहिले अवकाशस्थानक वर गेले. तिथे माणसे महिनोन् महिने राहायची, तर हवा, पाणी, अन्न, इंधन पोचवणार कोण? सोयुझमधली माणसांची जागा काढून तिथे टाक्या बसवल्या आणि प्रोग्रेस हे मालवाहू यान तयार झाले. जानेवारी १९७८ मध्ये पहिले प्रोग्रेस सुमारे २,३०० किलो सामान घेऊन सॅल्यूत-६ ला जोडले गेले. त्याने स्थानकाच्या टाकीत इंधनही भरले. सामान उतरवायचे, केरकचरा भरायचा आणि परतताना वातावरणात जळून जायचे, हा त्याचा धर्म. १९८४ च्या एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा सोयुझमधूनच सॅल्यूत-७ वर गेले. ते स्थानकही याच मालवाहू यानांच्या रसदीवर चालत होते.

काम महत्त्वाचे, नावात काय आहे, असे आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. पगार, पदके कोरोल्योव यांना मिळाली; पण नाव हीसुद्धा माणसाची मजुरीच असते. ती त्यांच्या जिवंत हातावर कधी पडली नाही.